साठी, बुद्धी आणि झोप

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात संस्थेच्या माजी सचिवांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘उतारवयातील झोप आणि स्मरणशक्ती’. पुरणपोळीचं जेवण झाल्यावर दुपारी दोन वाजता झोपेवर भाषण ठेवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. कुणाला डुलकी लागली तर मी अजिबात रागावणार नाही. विषयाला धरूनच होईल ते.

आधीच एक सांगतो. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, एवढीच माझी लायकी. आपल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे या गावात दगड मारला तर डॉक्टरला लागेल. आपल्या सोसायटीतच तिघं आहेत आणि तिघंही आत्ता समोर बसलेत. माझं काही चुकलं तर त्यांनी हात वर करावा. पण हा विषय मी मागून घेतला, कारण यात माझी स्वतःची एक गोष्ट आहे. ती तुमच्यापैकी काहींना अर्धी माहीत आहे. आज पूर्ण सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. मी तेव्हा सचिव होतो. आपल्या दुसऱ्या ओळीतल्या एका काकूंकडून मी मेंटेनन्सचे पैसे घेतले, पावती फाडून दिली, सही केली. आठ दिवसांनी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, “काकू, या तिमाहीचं राहिलंय बरं का.” काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, पुन्हा पैसे आणून दिले. मी पुन्हा पावती फाडली. संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या, मी नाही असं बघून, आणि दोन्ही पावत्या माझ्या मंडळींच्या हातात ठेवल्या. म्हणाल्या, “सरांना बोलू नका काही. पण जरा लक्ष द्या.”

मंडळींनी रात्री दोन्ही पावत्या माझ्यासमोर ठेवल्या. दोन्हींवर माझीच सही. पहिली पावती मी फाडली होती, हे मला आठवतच नव्हतं.

पैसे परत केले, हिशेब दुरुस्त केला, तो प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की माझे वडील शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंशाने गेले. संध्याकाळ झाली की धोतर सावरून दाराशी उभे राहायचे, “बैलं सोडायची राहिली,” म्हणायचे. बैलं विकून वीस वर्षं झाली होती. मी त्यांना धरून आत आणायचो. त्या रात्री दोन पावत्यांकडे बघताना मला वाटलं, आता माझी पाळी. मी एकसष्ट वर्षांचा होतो. आपल्याकडे म्हणच आहे ना, साठी बुद्धी नाठी.

आज मला या म्हणीबद्दलच बोलायचंय. ही म्हण आपण फार लवकर लावतो. स्वतःला लावतो आणि दुसऱ्यालाही लावतो. आणि ती एकदा लावली की पुढचा तपास बंद होतो.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, परीक्षा नाही.

आपण दिवसभर जे बघतो, ऐकतो, शिकतो, ते मेंदूत एकदम कायमचं लिहिलं जात नाही. तुम्ही सगळे सोसायटीच्या हिशेबाला सरावलेले आहात, म्हणून त्याच भाषेत सांगतो. दिवसाच्या नोंदी आधी रोजकीर्दीत होतात. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, एक छोटासा भाग आहे. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. ती आपली रोजकीर्द. तिथे जागा मर्यादित. तिथल्या कामाच्या नोंदी निवडून मेंदूच्या बाहेरच्या मोठ्या भागात कायमच्या मांडल्या जातात, ती खतावणी. ही रोजकीर्दीवरून खतावणी करण्याचं बरंचसं काम रात्री चालतं, आपण गाढ झोपलेले असताना. म्हणजे झोप म्हणजे दुकान बंद, असं नाही. शटर खाली, पण मुनीम आत बसून लिहितोय.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. १९२४ साली अमेरिकेत जेनकिन्स आणि डॅलेनबाख या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या. कधी पाठ करून झोपायचं, कधी पाठ करून जागं राहायचं. तेवढ्याच तासांनी विचारलं, तर झोपून उठल्यावर कितीतरी जास्त आठवत होतं. पुढे १९५३ मध्ये शिकागोला असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली डोळ्यांची हालचाल टिपली आणि झोप एकसारखी नसते हे कळलं. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप, असं साधारण दीड तासाचं एक चक्र. रात्रीत अशी चार-पाच चक्रं होतात. गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते.

वय वाढलं की काय होतं? तर नेमकी ही गाढ झोप कमी होते. तरुणपणी रात्रीचा साधारण पाचवा हिस्सा गाढ झोपेत जातो, साठीनंतर तो बराच खाली येतो. झोप तुटक होते. शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं, म्हणून रात्री नऊलाच डोळे मिटतात आणि पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. हा वयाचा भाग आहे, आजार नव्हे.

पण यावरून आपण एक चुकीचा निष्कर्ष काढतो. “म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच लागते.” तसं नाही. पासष्टीनंतरही सात ते आठ तास झोपेची शिफारस तज्ज्ञ करतात. गरज फारशी कमी झालेली नसते, झोपण्याची ताकद कमी झालेली असते. विहिरीचं पाणी आटलं म्हणून तहान आटत नाही. ही गोष्ट आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको.

दुसरं काम साफसफाईचं. २०१३ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठातल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की झोपेत मेंदूच्या पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि त्यातून द्रव खेळून दिवसभराचा कचरा धुऊन निघतो. त्या कचऱ्यात अमायलॉइड नावाचं प्रथिन असतं. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हेच साठलेलं सापडतं. हा शोध फार गाजला. पण मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाने उंदरांवरच प्रयोग करून उलट निष्कर्ष काढला, की झोपेत ही सफाई कमी होते. म्हणजे नळ नेमका कधी सुटतो यावर अजून भांडण आहे, आपल्या सोसायटीसारखंच. मात्र २०१८ मध्ये वीस निरोगी माणसांना एक रात्र जागं ठेवून मेंदूचं चित्र घेतलं, तेव्हा त्यांच्यात अमायलॉइड वाढलेलं दिसलं होतं. तेही खरं.

मग कमी झोपेने स्मृतिभ्रंश होतो का? इथे मला शब्द जपून वापरायचेत. लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाचा एक अभ्यास आहे. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या पेन्शनरांसारख्याच लोकांचा. जवळजवळ आठ हजार जणांकडे पंचवीस वर्षं लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. पन्नाशी, साठी, सत्तरी, या सगळ्या काळात सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी जास्त दिसलं. याचा अर्थ कमी झोपणाऱ्या शंभरातल्या तिसांना तो होतो, असा नाही. मुळातली जोखीम थोडी वाढते, एवढाच. आणि दुसरं, हा आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत शिरलेला असतो आणि तो स्वतःच झोप बिघडवतो. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे सांगणं अवघड जातं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नजर कमी होणं, एकटेपणा, अशी ती यादी आहे. झोप त्या यादीत नाही. पुरावा अजून तेवढा पक्का नाही म्हणून.

पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. एक, झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचं लक्ष, आठवण आणि निर्णय बिघडतात, कुठल्याही वयात. आणि दोन, हे विसरणं बाहेरून बघणाऱ्याला हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखं दिसू शकतं. माझ्या बाबतीत तेच झालं.

आता परत २०१८ ला येतो. त्यासाठी आधी दोन वर्षं मागे जावं लागेल. २०१६ चा उन्हाळा इथं बसलेल्या कुणीही विसरलेलं नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्याकडे टँकर. तो कधी यायचा? रात्री एकला, कधी तीनला. ड्रायव्हरचा फोन सचिवाला. मग मी उठायचो, घराघराची कडी वाजवायचो, तुम्ही सगळे बादल्या, पिंपं, पाईप घेऊन यायचात. त्या उन्हाळ्यात ही सोसायटी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एक झाली, असं मी नेहमी म्हणतो. ते खरंच आहे. पण पाऊस पडला, टँकर बंद झाला, आणि माझी झोप काही परत आली नाही. रात्री दोनला डोळे उघडायचे, जणू फोन वाजलाय.

मी एका दवाखान्यात गेलो. झोप येत नाही म्हणालो. झोपेची गोळी मिळाली, पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवसांची गोळी मी दोन वर्षं खाल्ली. दोष माझा. डॉक्टरांकडे परत गेलोच नाही, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवायचो. गोळीने झोप यायची, पण सकाळी डोकं जड. दुपारी पेपर वाचता वाचता मान खाली. आणि मग त्या दोन पावत्या.

माझी खात्री झाली होती की हा वडिलांचा आजार. मी कुणाला सांगितलं नाही. गुपचूप घरातली कागदपत्रं नीट लावायला घेतली. बँकेच्या खात्यांवर नॉमिनी टाकले. हे सगळं बघून मंडळींनी एक दिवस विचारलं, “कुठं निघालात?” तेव्हा मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या वडिलांना मी पाहिलंय. त्यांना विसरलेलं कळत नव्हतं. तुम्हाला कळतंय. आणि दुसरं सांगू का? रात्री तुम्ही घोरता, घोरता घोरता एकदम बंद होता. श्वासच थांबतो. मी मोजते. वीस-पंचवीस आकडे होतात. मग एकदम गचका देऊन पुन्हा सुरू होता. मला भीती वाटते, म्हणून मी जागी असते.”

काय सांगू तुम्हाला. एकतीस वर्षं मुलांना श्वसनसंस्था शिकवली, फळ्यावर फुप्फुसं काढली, आणि माझा स्वतःचा श्वास रात्रीतून कितीदा थांबतो हे मला माहीत नव्हतं. ते माझ्या शेजारी अंधारात कुणीतरी मोजत होतं.

आम्ही संभाजीनगरला गेलो. तिथे झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून रात्रभर झोपवतात. तासाला सरासरी चौतीस वेळा माझा श्वास अडत होता. तीसच्या वर गेलं की तीव्र प्रकार समजतात. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो. आपल्याला ते आठवतही नाही. पण चौतीस वेळा मुनिमाच्या हातातली लेखणी काढून घेतली, तर खतावणी कशी व्हायची? आणि वर मी खात होतो ती गोळी. अशा गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात. म्हणजे मी उपाय समजून काय करत होतो, बघा.

मला नाकाला लावायचं यंत्र दिलं. सीपॅप म्हणतात. हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवतं. दिसायला विचित्र. नातू म्हणाला, “आजोबा पायलट झाले.” पहिले पंधरा दिवस ते काढून फेकावंसं वाटलं. गोळी डॉक्टरांनी हळूहळू, काही महिन्यांत बंद केली. सहा महिन्यांनी मी पुन्हा सोसायटीचा ताळेबंद स्वतः मांडला. स्मरणशक्ती विशीतली झाली का? नाही. चष्मा अजूनही कपाळावर असताना शोधतो. नावं जिभेवर येऊन अडतात. ते वयाचं देणं आहे. पण दोन पावत्या पुन्हा कधी फाडल्या नाहीत.

आणि एक गोष्ट झाली ती कुठल्या रिपोर्टात नाही. यंत्र लावल्यानंतर आठवडाभराने एका सकाळी मी सात वाजता उठलो तर मंडळी झोपलेल्या. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. मी त्यांना कधी सात वाजता झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी चहा केला, दाराशी उभा राहिलो, उठवलं नाही. आधी रडणारी लेकरं, मग पहाटेचा नळ, मग माझ्या आईचं आजारपण, मग टँकर, मग माझं घोरणं. या बाईची झोप किती वर्षांची थकबाकी आहे, याचा हिशेब आमच्या घरात कुणी ठेवलाच नव्हता. माझ्या विसरण्याचा बोभाटा झाला. त्यांच्या जागण्याला आपण सगळे संसार म्हणतो.

भारतात साठीच्या पुढच्यांमध्ये साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अभ्यास ज्या मोठ्या पाहणीवर उभा आहे, तिचं समन्वयन मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलंय. त्यात हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त निघालं. शिक्षण न मिळणं हे त्याचं एक मोठं कारण. झोपेचा त्यात किती वाटा, हे मी सांगू शकत नाही. पण आपापल्या घरातल्या बाईला आज रात्री एवढं विचारा, की तुझी शेवटची सलग झोप कधी झाली?

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो. लिहून घ्या, नाहीतर विसराल.

पहिली. उठण्याची वेळ बांधून घ्या. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. रोज एकाच वेळी उठा, रात्र कशीही गेलेली असो. उठल्यावर अर्धा तास उजेडात फिरा. मुकुंदराजांच्या समाधीकडे जा, नाहीतर योगेश्वरीच्या दर्शनाला जा. डोळ्यांवर सकाळचा उजेड पडला की शरीराचं घड्याळ लावलं जातं.

दुसरी. वामकुक्षी घ्या, पण वामकुक्षीच. वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. दोन तास पंखा लावून घोरत पडलात तर ती वामकुक्षी नव्हे, ती रात्रीची उचल आहे, व्याजासकट फेडावी लागते. चारनंतरचा चहा अर्धा कप करा, जमलं तर सोडा.

तिसरी. अंथरुणावर पडून कूस बदलत बसू नका. वीस मिनिटांत झोप नाही लागली तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, जपमाळ ओढा, जुना दिवाळी अंक वाचा, झोप आली की परत जा. अंथरूण ही झोपण्याची जागा आहे हे मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं. आणि रात्री दोनला घड्याळ बघू नका. मोबाईल तर नाहीच. डॉक्टर लोक निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच शिस्त सांगतात. तिला वेळ लागतो, पण ती टिकते.

चौथी, गोळ्यांची. झोपेच्या नेहमीच्या ज्या गोळ्या असतात, बेंझोडायझेपिन गटातल्या, त्या म्हाताऱ्या माणसाने शक्यतो टाळाव्यात असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, आणि आठवणीवर परिणाम होतो. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते, त्याही रोज झोपेसाठी घेऊ नका. पण जे कुणी आत्ता घेत असतील त्यांनी माझं ऐकून आज रात्री एकदम बंद करू नये. त्याने उलट त्रास होतो, कधी झटकेही येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

आणि डॉक्टरकडे कधी जायचं? मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणं, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं. शेवटचं आपण नेहमी प्रोस्टेटवर किंवा साखरेवर ढकलतो. ते असूही शकतं, पण अॅप्नियातही असं होतं. आणि विसरणं कसलं आहे ते बघा. किल्ली कुठं ठेवली हे विसरणं एक. किल्ली कशासाठी असते हे विसरणं, रोजच्या वाटेवर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात वेळ घालवू नका. आणि पहिल्या प्रकारात म्हण लावून गप्प बसू नका.

आता शेवटचा मुद्दा. हा थोडा अवघड आहे.

मी शिकवत होतो तेव्हा माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची लेकरं असायची. दिवाळीच्या आगेमागे आई-बापाबरोबर कारखान्यावर जायची, उन्हाळ्यात परत यायची. त्यातली काही पहिल्या तासालाच डुलक्या घ्यायची. कोपीत राहायचं, पहाटे आई-बाप फडात, मध्यरात्री गाडी भरायला उठायचं, धाकटं भावंडं सांभाळायचं. हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना बाकावर उभं केलं. “झोपायला येतोस काय रे शाळेत?” म्हणालो. हो, तो झोपायलाच येत होता. दिवसभरात त्याला तेवढीच एक सुरक्षित जागा होती. हे मला कळायला स्वतःची झोप जावी लागली.

हे आज का सांगतोय? गेल्या महिन्याच्या सभेत एक विषय आला होता, तो पुढच्या सभेवर ढकललाय. आपले वॉचमन मामा. वीस-बावीस हंगाम त्यांनी कोयता चालवला, मग आपल्याकडे आले. गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडून मोटार बंद करायची तीनदा राहिली, टाकी वाहून गेली. एकदा गेटला कुलूप लावायचं विसरलं. सभेत कुणीतरी म्हणालं, “म्हातारा विसरभोळा झालाय, बदला.” मीही मान हलवली. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली.

मामा रात्री आठ ते सकाळी सहा आपल्या गेटवर असतात. सहानंतर आपल्याच चार घरांच्या गाड्या धुतात, आपल्याच बागेला पाणी घालतात. दुपारी कुणाचं सिलिंडर आलं, पार्सल आलं, की हाक मामांना. मी मागच्या आठवड्यात त्यांच्याशेजारी बसून मोजलं. चोवीस तासांत त्यांना साडेतीन-चार तास झोप मिळते, तीही तुकड्यातुकड्यांत, जिन्याखाली, पंपाच्या आवाजात. ज्या झोपेने माझ्यासारख्या पेन्शनराच्या दोन पावत्या फाटल्या, तिच्या निम्म्या झोपेत हा माणूस आपली मोटार लक्षात ठेवतो. तीनदाच विसरला, याचं नवल करा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा नियमही २००० सालापासून आहे. गणपतीत आपल्याला तो नेमका आठवतो, दुसऱ्या मंडळाच्या वेळी. तो नियम मामांच्या जिन्याखाली पोहोचत नाही.

म्हणून माजी सचिव म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, मोटारीला आपोआप बंद होणारा टायमर बसवावा. त्याचा खर्च मी देतो. त्या काकूंनी दोनदा पैसे भरले होते, त्याचं माझ्याकडे अजून देणं आहे असं समजा. दोन, रात्रीच्या दोन पाळ्या कराव्यात, दुसरा माणूस ठेवावा. प्रत्येक घरामागे महिन्याला थोडा भार वाढेल, तो आपल्याला झेपेल. तीन, क्लब हाऊसच्या मागची भंगाराची खोली मोकळी करून तिथं एक बाज आणि पंखा ठेवावा, आणि दुपारी बारा ते चार मामांना कुणी हाक मारू नये. सहा महिने असं करून बघू. त्यानंतरही विसरले तर आपल्यातल्याच डॉक्टरांना दाखवू. बदलायचा विषय त्यानंतर.

याच गावात दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड पांघरूण. पंतांनी त्या कापडावर आख्खं ‘पंचीकरण’ लिहून ठेवलं. आपण पोरांना सहलीला नेऊन ती दाखवतो, लांबी सांगतो आणि पुढे जातो. मला मात्र हल्ली ती आठवली की वाटतं, आपल्या प्रत्येकाचं शहाणपणही असंच पांघरुणावर लिहिलं जातं, रोज रात्री, थोडं थोडं. ते पांघरूण कुणाच्याही अंगावरून ओढू नये.

पंचवीस वर्षांपूर्वी, १९९९ साली, आपण इथे प्लॉट घेतले तेव्हा पंचेचाळिशीच्या आतले होतो. बाभळी होत्या, विंचू होते, लाईट नव्हती. पाऊस पडेपर्यंत रात्री गच्चीवर सतरंज्या टाकून ओळीने झोपायचो, आणि बिनगोळीचे झोपायचो. आता घरांना रंग आहेत, एसी आहेत आणि उशाला गोळ्या आहेत. पुढची पंचवीस वर्षं आपल्यातल्या सगळ्यांना मिळतील असं नाही. जेवढी मिळतील ती एकमेकांची नावं आठवत जावीत, एवढीच योगेश्वरीच्या चरणी प्रार्थना.

माझी वीस मिनिटं संपली. तिसऱ्या रांगेतले दोघं झोपलेत, त्यांना उठवू नका. त्यांची खतावणी चाललीय.